राबाखालचं खत

विजयाबाईंसारखं खत अख्ख्या घिवलीत कुणाला जमत नसे. चिकूचा पाला, गोठ्यातलं शेण, बोंबलांची डोकी असं सगळं थरावर थर लावून वर्षभर मुरवायच्या. मग मुठीत धरलं तर चहाच्या भुकटीसारखं मोकळं आणि हाताला थंडगार लागायचं. पण खत करणं वेगळं नि झालेलं खत राखणं वेगळं. यंदा ते शिमग्यालाच तयार झालं, आणि चिकूची बारा कलमं लागायची होती पावसात. तोवर ठेवायचं कुठे? प्लास्टिकच्या गोणीत कोंडलं तर आंबतं, उघडं टाकलं तर ऊन त्याचा सगळा कस खातं, शिवाय कोंबड्या उकरतात.

कोंबड्यांचं एक वेळ परवडलं, बाईंना धास्ती माणसांची. शेजारची राहीबाई टोपली घेऊन टपलेलीच. आणि झिपरूनं तर मागूनच ठेवलं होतं. झिपरू आणि त्याची बायको बायडी जव्हारच्या डोंगरातले. दिवाळीनंतर वाडीत कामाला यायचे, पावसाआधी गावच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर परतायचे. सोळा वर्षं हा नेम चुकला नव्हता. खताचा खड्डा झिपरूनं खणला, वाडीत असेतोवर दर पंधरवड्याला उलथलंही त्यानंच. जाताना दोन गोणी द्या, घरामागं मिरची लावीन, एवढंच त्याचं मागणं होतं. बाई म्हणाल्या, बघू हो, तयार तर होऊ दे. असल्या ‘बघू’चा अर्थ न कळायला कुणी दूधखुळं नसतं. बारा खड्ड्यांना खत पुरेल का, याच घोरात बाई होत्या.

मग त्यांनी शक्कल लढवली. होळीला झिपरू-बायडी गावी गेले, ती संधी साधून सगळं खत खालच्या भातखाचराच्या कोपऱ्यात नेऊन पसरलं. भाताचं बी पेरायच्या त्या जागेवर दरवर्षी शेण, पाला, पेंढा रचून, वर मातीचा पातळ थर देऊन वैशाखात पेटवतात. त्याला राब म्हणतात. बाईंनी खतावर हुबेहूब तसंच रचलं. सावली मिळते, वारा खेळतो, ओल टिकते, आणि बघणाऱ्याला वाटावं राबच आहे. राब कोण मागायला येतो? नवरा, धर्माजी, म्हणाला, अगं, झिपरूला तरी सांगून ठेव. बाई म्हणाल्या, त्यालाच तर सांगायचं नाही. भारीच हुशार हो आमच्या बाई! परतलेल्या झिपरूनं रिकामा खड्डा पाहिला, तर खत विकलं म्हणाल्या, आणि दर चार दिवसांनी कुणी नसताना झारीनं पाणी मारून यायच्या.

वैशाखात लेक रूपल बोईसरला बाळंतपणाला अडली, आणि दोघांना हातातलं टाकून धावावं लागलं. झिपरूला म्हणाल्या, वाडीवर नीट लक्ष ठेव. याहून जास्त एक अक्षर बोलल्या नाहीत. नातू झाला, लेक सावरली, आणि एकविसाव्या दिवशी दोघं घरी आली, तर खाचराचा कोपरा राखेनं पांढराफटक पडलेला.

झिपरू बोटांना फडकं गुंडाळून समोर उभा होता. सांगत होता, पाऊस अंगावर आला, बाय घरी नाय, राब तसाच पडून. त्याच्या गावचाही राब भाजायचा राहिला होता, पण बाईंचं भात बुडेल म्हणून तो मागे थांबला. वरचं पेटलं, पण खालून दोन दिवस धुमसतच राहिलं. त्यानं आणि बायडीनं विहिरीवरून पाणी आणून विझवलं, ठिणगी चिकूत जाऊ दिली नाही.

बाईंचा तोल गेला. सोळा वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. डोळे फुटले होते का, डोकं गहाण टाकलंस का, वर्षाची मेहनत जाळलीस. झिपरू खाली बघत ऐकत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बाय, तो राब तुमीच रचलेला ना?"

धर्माजीनं बायकोकडे पाहिलं. खरं सांगायला तेवढाच एक क्षण होता. चार शब्दांचं काम होतं, पण लाज वाटली की माणूस आणखीच ओरडतो. आधी विचारायला तोंड नव्हतं का, असं म्हणून बाई तरातरा आत गेल्या.

सकाळी खोली झाडून, किल्ली खिळ्याला लावून झिपरू-बायडी निघून गेले होते.

कलमं लागली विकतच्या खतावर. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पण झिपरू आला नाही. दुसरा माणूस बघा, असं लोक सांगत होते. बाईंना दुसरा माणूस नको होता. त्यांना रोज तेच आठवायचं, भाजलेल्या बोटांचा तो माणूस आणि आपली जीभ. शेवटी त्याच्या गावच्या जिवल्याकडून कळलं, तो कुंभवलीला कंपनीत ठेकेदाराकडे लागलाय. नव्या खताच्या दोन गोणी रिक्षात घालून बाई निघाल्या.

एका चाळीत दहा बाय दहाची खोली होती. बायडीनं चटई टाकली, बायचं नातवंड कसं हाय विचारलं. झिपरूनं गोण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, औंदा शेत पडीकच हाय, दोघं इथं, तिथं कोण लावतो मिरची. बाईंचा धीर सुटत होता, तरी त्या बोलल्या.

"तुझी चूक नव्हती झिपरू. खत मी लपवलं होतं. तू मागशील म्हणून, तुझ्यापासनंच लपवलं होतं."

"ते मला तवाच कळला होता, बाय. इझवताना खाली काळा खत लागला हाताला."

"मग बोलला का नाहीस? एवढं ऐकून का घेतलंस माझं?"

झिपरूला राग नव्हता. तेच बाईंना सोसलं नाही.

"इचारला ना मी. तुमी सांगाल, असा वाटला होता."