ताठ लोंब्या

भरलेली लोंबी मान खाली घालते, रिकामी ताठ उभी राहते. त्या वर्षी आमचं सगळं शेत ताठ उभं होतं. रस्त्याने जाणारे म्हणायचे, काय झकास भात आहे. मी मनात म्हणायचे, या, बांधूनच देते, घेऊन जा घरी.

भात फुलोऱ्यात येई तेव्हा पूर्वी हवेत गारवा असायचा. आता नेमकं तेव्हाच ऊन पेटतं, रात्रीही जमीन निवत नाही. फूल करपलं की आत दाणा धरत नाही, हाती राहतं ते फोल. सलग दुसऱ्या हंगामात हेच झालं, म्हणून माझ्या भावाने शहरातल्या शीतगृहात माझ्या नवऱ्यासाठी काम बघून ठेवलं. वर राहायला खोली, तिघांना पुरेल अशी. मी तर मनातल्या मनात भांडीही बांधून ठेवली होती. पण नवरा बापाच्या शब्दाबाहेर नाही, आणि सासरे तापाने अंथरुणाला खिळलेले.

सासऱ्यांची एक रीत होती. लोंब्या बाहेर पडल्या, की रोज एक हातात घ्यायची आणि दाणा नखाने दाबून बघायचा. दूध आलं तर पीक आलं. आता पायांनी दगा दिला होता, नखं मात्र शाबूत होती.

"मधल्या शेतातली लोंबी दे त्यांच्या हातात," मी नवऱ्याला म्हटलं. "एकदा दाबू देत. आपणहून म्हणतील, जा."

"तापातल्या माणसाला फोल देऊ? विहिरीकडची आण. बरे झाले की सांगू."

विहिरीकडे झाडाच्या सावलीत चार ओळी उशिरा फुलल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. मी चरफडत तिथली लोंबी नेली. सासऱ्यांनी दाबली, नखावर पांढरा थेंब आला.

"असं पीक टाकून कोणी जातं होय?" ते मुलाला म्हणाले. "कळव तुझ्या मेहुण्याला, येत नाही म्हणून."

नवऱ्याने फोन करून कळवलं, मान खाली घालून. त्या वर्षी आमच्याकडे मान खाली घातलेला तेवढा एकच.

दाणा पिकेपर्यंत मी रोज विहिरीकडचीच लोंबी नेत राहिले. मळणी झाली, मी अंगणात भात उफणायला घेतलं. एरवी पत्र्यावर दाण्यांचा ताशा वाजतो. या वेळी फोल उडून माझ्या केसांत बसलं आणि पत्रा गप्प राहिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी सूप आपटलं आणि सासऱ्यांच्या खाटेपाशी गेले.

"ऐकलंत ना? सगळं फोल आहे. तुम्हाला देत होते त्या लोंब्या विहिरीकडच्या होत्या."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सावलीतल्या लोंबीचा देठ हिरवागार असतो. पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही गेला असता."

"तुम्हालाही नेणारच होतो की."

"तिथे मी काय दाबून बघणार होतो?"

मला त्या म्हाताऱ्याची दया आली नाही. संताप आला, अजून येतो. नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. वाटलं, आता तरी हा तोंड उघडेल. तो आत आला, बापाचं घसरलेलं पांघरूण नीट केलं आणि माझ्याकडे वळला.

"बियाण्यापुरतं विहिरीकडचं निघेल ना?" त्याने विचारलं.