कडूवरचा गोड घोट

सोलो शहराच्या गल्ल्यांतून सुमियाती तीस वर्षं जामू, म्हणजे जडीबुटीचे काढे, विकत होती. पाठीला कापडाने बांधलेली टोपली आणि तिच्यात काढ्याच्या बाटल्या. गल्लीतल्या कितीतरी पोटदुख्या तिने बऱ्या केल्या, पण लेकीच्या, वेनिंगच्या, डोक्यात पुढे शिरलेल्या धंद्याच्या खुळावर तिच्याकडे काढा नव्हता.

लेकीने पदवी घ्यावी आणि सरकारी कचेरीतल्या बाबूंची खाकी अंगावर चढवावी, एवढंच तिचं म्हणणं. हौस अशी, की परीक्षेच्या अर्जाआधीच खाकी कापड आणून कपाटात ठेवलेलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच!

वेनिंगही मुकाट त्याच वाटेने गेली असती. पण विद्यापीठात उद्योजकतेचा विषय सक्तीचा होता. पहिल्याच तासाला हेर्दी सरांनी एक कागद भरून घेतला. 'मी स्वतःचा धंदा सुरू करणार', एक ते सातपैकी आकड्यावर खूण करा; एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे नक्की. वेनिंगने बेधडक एकवर केली. शेवटच्या तासाला तोच कागद पुन्हा भरून द्यायचा होता.

मधे आला विद्यापीठातला विक्रीचा दिवस. वेनिंगने आईचाच जामू नव्या बाटल्यांत भरून नेला. फुकट काही द्यायचं नाही, असं सरांनी शिकवलेलं, म्हणून आई कडू पेल्यानंतर फुकट द्यायची तो गोड घोट तिने वगळला. झालं! लोक कडू प्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि चालू पडायचे. दुपारपर्यंत बिचारी माशा मारत बसली.

तेवढ्यात टोपली घेऊन आई हजर. "अगं, कडू पाजून माणसाला तसंच धाडतात का? वैरी आहे का तुझा?"

"सर म्हणाले, फुकट..."

"तुझ्या सरांनी कधी टोपली उचललीय?"

हेर्दी सर मागेच उभे होते. "नाही उचलली, मावशी," ते हसून म्हणाले. "मलाही एक पेला द्या."

सुमियातीने त्यांना कडू पाजलं आणि वर हळद-चिंच-गुळाचा गोड घोट दिला. मग रांगच लागली. संध्याकाळी एकही बाटली उरली नाही.

घरी आल्यावर वेनिंगने सरांनी पुन्हा दिलेला तो कागद आईपुढे ठेवला. "उद्या शेवटचा तास, यावर खूण करून द्यायचीय. आई, मी सरकारी परीक्षेला बसत नाही. मला हेच करायचंय."

"यासाठी पाठ मोडून घेतली का मी?" सुमियाती उठली, सगळ्यांत कडू काढ्याचा पेला भरून तिने लेकीपुढे आदळला. "पी."

वेनिंग प्यायली. घशापासून डोळ्यांपर्यंत सगळं कडू झालं. आई समोर नुसती बसून राहिली. लहानपणापासून कडूमागून गोड आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. वेनिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"शब्द मागे घेतेस?"

"नाही."

लेकीवर सुमियातीचा फार जीव होता, त्याला ती तरी काय करणार? तिने गोडाची बाटली पुढे ओढली, पेला काठोकाठ भरला आणि लेकीच्या हातात दिला.

"हे घे. आणि मग कर खूण. माझ्यासमोर कर."