ताईंचं मानपत्र

कंपनीच्या स्विचबोर्डवर अख्खी नोकरी काढलेल्या ताई निवृत्त होणार होत्या. ताईंना दिसत नव्हतं, पण एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं तरी त्या माणूस ओळखत, वर "सर्दी झालीय वाटतं" अशी चौकशीही करत.

निरोपाला काय हवं, असं टायपिस्टने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मानपत्र द्या, पण ब्रेलमध्ये. घरी मी एकटी. वाचून दाखवायला कोणाच्या विनवण्या करू? इतकी वर्षं मी काय काम केलं, ते एकदा माझ्या बोटांनी वाचायचंय."

समिती बसली. आमच्याकडे समिती एकदा बसली की लवकर उठत नाही. 'अंध', 'दृष्टिहीन' की 'दिव्यांग', यावर रणधुमाळी झाली. 'हीन'मध्ये कमीपणा वाटतो, असं हिशेबनीस म्हणाले. जनसंपर्कवाल्या बाईंनी 'अंधारावर मात करणारी तेजस्विनी' सुचवलं आणि सगळ्यांना भरून आलं. आदर कुठे उणा पडू नये म्हणून मंडळी खरोखरच घाम गाळत होती. टायपिस्टने ब्रेलचा विषय काढला, तर साहेब म्हणाले, "आधी मजकूर तर ठरू दे." मजकूर ठरला तेव्हा फ्रेमवाला दारात येऊन उभा होता.

समारंभात काचेची फ्रेम ताईंच्या हातात आली. त्यांनी ती पुढून चाचपली, मागून चाचपली.

"गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या.

टायपिस्टने मान खाली घातली. मला समितीचा मनापासून राग आला.

ताईंनी फ्रेम शेजारच्या खुर्चीवर ठेवली, पर्समधून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली, कागद अडकवला. "साहेब, जरा सावकाश वाचा. मी उतरवून घेते."

साहेब हातातल्या प्रतीवरून वाचू लागले. ताईंचं नाव आलं, टोचणी टकटकली. नोकरीची वर्षं आली, टकटकली. मग तेजस्विनी आली, अंधार आला, जिद्द आली, दैवाने हिरावून नेलेलं आलं. टोचणी हातात तशीच थांबली होती. मजकुरात फोनचं काम कधी येतं याची ताई वाट बघताहेत, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. साहेबांनाही कळलं. ते उगाच पुढच्या ओळी शोधू लागले, पण कागदावर होत्या तेवढ्याच होत्या.

"संपलं?" ताईंनी विचारलं.

"संपलं, ताई."

ताईंनी पाटीतला कागद काढून उलटा केला, एकुलत्या एका ओळीवरून बोट फिरवलं आणि तो पर्समध्ये ठेवला. फ्रेम खुर्चीवरच राहिली.