तोंडात टाचण्या धरून शिकलेलं इंग्रजी

मी एक जुनी कॅसेट आहे आणि सध्या भयंकर वैतागलेली आहे. माझ्या एका बाजूला प्रवासातल्या अडचणींची इंग्रजी वाक्यं आहेत, दुसऱ्या बाजूला दवाखान्यातली आणि औषधांच्या दुकानातली. मित्रांनो, ती माझ्यात भरली एका शाळेतल्या बाईंनी. पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होत त्या एकेक वाक्य म्हणायच्या आणि मग जरा गप्प राहायच्या. ऐकणाऱ्याने ते वाक्य मोठ्याने म्हणावं म्हणून ती जागा मोकळी सोडलेली. एका वाक्यापाशी तर त्यांनी चक्क मराठीत बजावलंय, की इथे पेनिसिलिनच्या जागी तुम्हाला न चालणाऱ्या औषधाचं नाव घाला. आता याहून स्पष्ट काय सांगायचं?

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दुकानदार मला काचेत पुढे ठेवायचा, गिऱ्हाईकांना ऐकवायचा. मग मी शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या घरी आले. काका-काकू परदेशी सहलीला जाणार होते. काकांना सल्फाचं औषध चालत नाही. एकदा ती गोळी घेतली तर ओठ सुजले, घसा आवळला आणि जेमतेम जीव वाचला. म्हणून काकूंनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. काका म्हणाले, "मला कशाला? तू आहेस ना."

काकू शिकल्या, पण कशा? शिलाई मशीनसमोर बसून, ओठांत टाचण्या धरून! मी वाक्य म्हणायचे, जागा सोडायचे आणि काकू म्हणायच्या, "हं." पुढचं वाक्य, पुन्हा "हं." पेनिसिलिनपाशीही "हं"च! नेमकं बाई बजावत होत्या तेव्हा मशीनची खडखड चालू. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अहो, टाचण्या ठेवा ना बाजूला! पण मला माझं स्वतःचं एक अक्षर बोलता येईल तर शपथ.

पुढे सहलीत काकांना ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. बरोबरची मंडळी फिरायला गेलेली. हॉटेलवाल्याने दोघांना शेजारच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. मी छोट्या टेपमध्ये, काकूंच्या पिशवीत. डॉक्टरांनी ॲलर्जीचं विचारलं. तेवढा शब्द काकूंना कळला आणि त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "आय ॲम ॲलर्जिक टू पेनिसिलिन." कपाळ माझं! डॉक्टरांनी काकांकडे बोट दाखवून खात्री करून घेतली, तर काकू म्हणतात, "येस, येस." वर डॉक्टरांनी त्यांच्या उच्चारांची तारीफ केली, त्यावर काकू लाजल्यासुद्धा. पेनिसिलिन नको म्हटल्यावर डॉक्टरांनी दुसरं औषध लिहून दिलं. ते नेमकं सल्फाचं निघालं.

औषधांच्या दुकानात काकांनी धीर न धरता तिथेच पाणी मागून गोळी तोंडात टाकली. दुकानातली मुलगी औषध कसं घ्यायचं ते सांगत होती. त्या भराभर बोलण्यात काकूंना एकच शब्द ऐकू आला, सल्फा.

"थुंका आधी!" काकू म्हणाल्या आणि काकांच्या तोंडापुढे स्वतःचा पदर धरला. गोळी पदरात पडली. दुकानातली मुलगी बघतच राहिली. काकूंनी घाईघाईने टेपचं बटण दाबलं आणि मी माझ्या सुंदर आवाजात विचारलं, रेल्वे स्टेशन कुठे आहे! मित्रांनो, इतकी चीड मला स्वतःची कधी आली नव्हती.

काकूंनी मला बंद केलं. काकांकडे बोट दाखवलं, मग स्वतःचाच गळा धरून त्या म्हणाल्या, "हजबंड. नो सल्फा. सल्फा, ही डाय." ना व्याकरण, ना उच्चार. पण मुलीने लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि औषध बदलून दिलं.

घरी आल्यावर काकूंनी माझ्या वरच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. तसं केलं की जुनं पुसून नवीन भरता येतं. मी हादरले. इतकी वर्षं जपलेलं ते वाक्य पुसणार? काकूंनी काकांना टेपसमोर बसवलं आणि सल्फाचं वाक्य म्हणायला सांगितलं. काका हसून म्हणाले, "तू आहेस ना."

"आणि मी नसले तर?"

काका टेपजवळ सरकले. मग त्यांनी घसा खाकरला आणि चाचरत म्हटलं, "आय ॲम ॲलर्जिक टू सल्फा." काकूंनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, आणि पुन्हा.

बाईंचं वाक्य गेलं, याचा राग अजून आहे मला. तरी मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरात कुणाला काय चालत नाही ते विचारून घ्या आणि ते त्यांचं त्यांना मोठ्याने म्हणायला लावा. काकू गेल्याला आता वर्ष झालं. काका त्यानंतर एकटेच एकदा दवाखान्यात जाऊन आले. धडधाकट परत आले.