तिसऱ्या वळणावरचा श्वास

नागपूरच्या एका संगीत मंडळानं आमच्या नागभीडच्या शाळेत दोन दिवसांचं शिबिर ठरवलं, तेव्हा पहिला वैताग मलाच आला. साल अठ्ठावन्न. धान नुकतंच घरात आलेलं, लोक जानेवारीच्या उन्हाला पाठ देऊन बसायच्या बेतात, आणि मी दारोदार फिरून सांगतोय की शनिवारी-रविवारी शाळेत या, तुम्हाला वाद्य शिकवणार आहेत. मुलांना नव्हे, तुम्हाला. एकानं तर मला विचारलं, "मास्तर, तब्येत ठीक हाय ना?"

शिबिर घ्यायला इंदिराबाई आल्या. खादीचं पातळ, हातात व्हायोलिनची पेटी, आणि बोलणं असं की समोरच्याला नाही म्हणायला फटच सापडू नये. त्यांचं म्हणणं, मूल बोलायला शिकतं ते आईचं ऐकून, मग वाजवायलाही तसंच शिकेल. म्हणून आधी आईनं किंवा बापानं धून पाठ करायची, घरची कामं करताना गुणगुणायची, आणि मुलानं ती ऐकत राहायची. मास्तरानं मधे तोंड घालायचं नाही. मी इतकी वर्षं पोरांची बोटं धरून बासरी शिकवली, आणि ही बाई मला माझ्याच शाळेत गप्प बसायला सांगत होती. मी मनातल्या मनात तिला भरपूर सुनावलं.

शनिवारी दुपारी मोठ्या खोलीत सतरंज्या पसरल्या. दोन-तीन गावांचे मास्तर, मुलं, अंग चोरून बसलेल्या आया. दारापाशी कुंता येऊन बसली. ती ढिवराची. नवरा इस्तारी तलावात जाळं टाकायचा, ती बाजारात मासे विकायची. तिला मी बोलावलंच नव्हतं, कारण तिच्या मुलीला, गोकुळाला, कुणी काही शिकवत असल्याचं माझ्या कानावर नव्हतं. पोर आठ वर्षांची. तिच्या हातात एक जुनी बासरी होती.

"इले वाजवता येते," कुंता म्हणाली. "आयका तर खरं."

इंदिराबाईंनी मान हलवली. पोरीनं बासरी ओठाला लावली आणि पहिल्याच ओळीला मी सरळ होऊन बसलो. धून माझी होती. मुलांसाठी मीच बांधलेली, चार ओळींची, साधीसुधी. पण ती मी कुणाला शिकवायची सोडली त्याला नऊ वर्षं झाली होती. ती शेवटची शिकला तो पत्रू, कुंताचा थोरला. पत्रूला दमा होता. तिसऱ्या ओळीच्या वळणावर त्याचा श्वास पुरायचा नाही. तिथं तो थांबायचा, छातीत बारीक शिटी वाजवत हवा ओढायचा आणि मग पुढे जायचा. सुरुवातीला मी त्याला रागावलो, पुढे सोडून दिलं. त्याच हिवाळ्याच्या शेवटी तो गेला. नंतर ती धून माझ्याच्यानं कुणाला देववेना.

गोकुळा तिसऱ्या ओळीवर आली. वळणावर थांबली. श्वास ओढला. तीच बारीक शिटी. मग पुढे गेली.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. शाळेमागच्या चिंचेला भिणाऱ्या पोरांना मी स्वतः हाताला धरून त्या चिंचेखाली बसवलेलं आहे. पण त्या दुपारी उजेडात, भरल्या खोलीत, मी भ्यालो. या पोरीची छाती ठणठणीत. तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर बाजारात ऐकू यावी अशी. आणि भाऊ मेला तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

मी कुंताकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, हसत होती.

"वळखलं ना, गुरुजी?"

चहाच्या वेळी ती मला ओसरीत गाठून सांगत बसली. महाशिवरात्रीला ती सुकट विकायला मार्कंड्याच्या जत्रेत गेलेली. मागे पत्रूला धाप लागली. ती परत आली तोवर पोराला पुरूनही झालं होतं. तिनं तोंडही पाहिलं नाही. घरात शिरली तर सासू दारात उभी. आमच्याकडे मेलेल्याच्या जागी रात्री पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर जी खूण दिसेल, तो त्याचा पुढचा जन्म. सासूनं टोपली उचलून दाखवली. पिठावर तान्ह्या पावलासारखं काहीतरी उमटलं होतं.

"मी रडाले तोंड उघडलं, तं बुडीनं हात ठेवला तोंडावर. म्हणे, रडू नको, तो याच घरी येऊन राह्यला. येनाऱ्याच्या वाटेत रडू नाई." कुंता डोळे बारीक करून उन्हात पाहत होती. "म्हून मी रडलोच नाई, गुरुजी. आन वरीस भराच्या आत आला तो."

गोकुळा शेजारीच उभी होती. तिचे केस पोरासारखे कापलेले. घरात तिला बाबू म्हणत.

"आता तुमी त्याले पुढचं शिकवा," कुंता म्हणाली. "अर्धंच राह्यलं होतं त्याचं."

मी पोरीला विचारलं, "तुले कोनतं गानं आवडते?"

तिनं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "दादाले आवडे ते."

दादा ती कुणाला म्हणते हे कळायला मला क्षण लागला, आणि कळल्यावर हातातला चहा प्यावासा वाटेना. पोर आठ वर्षं एका मेलेल्या मुलाची जागा राखत बसली होती, आणि जागा इतकी नीट राखत होती की तिला स्वतःची अशी जागाच नव्हती.

संध्याकाळी जेवताना मी इंदिराबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, नागपूरची शिकलेली बाई, हसेल. ती हसली नाही. ताटात बोट फिरवत राहिली.

"कानातून आत गेल्याशिवाय तोंडातून बाहेर येत नाही, घनश्यामराव. पोरीनं ते कुठेतरी ऐकलंय."

"कुठे ऐकणार? मी शिकवत नाही. त्या श्वासासकट ती धून दुसऱ्या कुणाला येत नाही."

"आईला येत असेल."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रू रोज घरी सराव करायचा. खोपट्यात दुसरं होतं कोण ऐकायला? मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्याहून वाईट वाटलं. कारण तसं असेल, तर तो श्वास पत्रूचा नव्हता.

"मग तिला सांगू नका," मी म्हणालो. "तेवढ्यावर जगतेय ती."

"मी नाही सांगणार. उद्या सगळ्या आया गुणगुणतील, तशी तीही गुणगुणेल." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण त्या पोरीचं काय, मास्तर? ती कशावर जगतेय?"

ती रात्र वाईट गेली. तलावाकडून वारा आला की मला ती शिटी ऐकू यायची, आणि आता ती कुणाची म्हणायची हेच कळेना.

रविवारी सकाळी धुकं शाळेच्या पायरीपर्यंत आलेलं. एकेक आई, एकेक बाप इंदिराबाईंनी दिलेली धून म्हणू लागला. कुणी लाजून पदरात तोंड लपवलं, एका तेल्यानं असा सूर लावला की पोरं गडाबडा लोळली. इंदिराबाईही हसल्या. मग त्या कुंतापाशी जाऊन बसल्या.

"मले नाई येत गाता," कुंता म्हणाली.

"गाऊ नका. घरी बसल्या बसल्या काय करता?"

"जाळं इनतो."

जाळं तिच्या गाठोड्यात होतंच. जाईल तिथं ते तिच्याबरोबर असायचं. इंदिराबाईंनी तिला तेच काढायला लावलं. कुंता विणायला बसली. दोरा गुंतवायची, गाठ मारायची, ओढायची. दुसरी मुलं वाजवत राहिली, आया बोलत राहिल्या, आणि थोड्या वेळानं कुणाच्या लक्षात येण्याआधीच कुंताच्या नाकातून सूर निघू लागला. माझीच धून. पहिली ओळ. दुसरी. खोलीतले आवाज कमी होत गेले. मला तिला थांबवावंसं वाटत होतं. तिसऱ्या ओळीचं वळण आलं आणि कुंता थांबली. दातांमधून तिनं हवा ओढली. बारीक शिटी वाजली. तिचा हात गाठीवर थबकला, पुन्हा चालू लागला, सूरही पुढे गेला.

तिला पत्ताच नव्हता. नऊ वर्षं रोज ती मुलाचा श्वास घेत होती आणि तिला पत्ता नव्हता.

"माय," गोकुळा म्हणाली, "तू तिथी थांबतं, म्हून मी बी थांबतो. मले दम लागत नाई."

कुंता वर पाहून म्हणाली, "मी कुठी थांबतो?"

तिनं सगळ्यांची तोंडं पाहिली, शेवटी माझ्यावर आली.

"गुरुजी, थांबलो का मी?"

नाही म्हणणं सोपं होतं. ओठावर आलंही होतं. पण शेजारी ती केस कापलेली पोर माझ्याकडे बघत होती, अगदी मघाच्या तिच्या आईसारखीच.

"हो, कुंताबाई. थांबलात."

कुंतानं जाळं मांडीवरून खाली ठेवलं. जरा वेळ ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसली, आत काय चाललंय ते चाचपत असल्यासारखी.

"मंग तो कुठी हाय?" तिनं विचारलं.

इंदिराबाईंनी मान खाली घातली. मीही घातली.

मग कुंता पोरीला म्हणाली, "वाजव. नको थांबू."

गोकुळानं बासरी उचलली. आईकडे पाहत तिनं पहिली ओळ वाजवली, दुसरी वाजवली. तिसऱ्या ओळीला तिचे खांदे जरा वर आले, सवयीनं. पण ती थांबली नाही. वळणावरून सूर सरळ पुढे गेला, अख्खा, निरोगी. मी बांधली तशी ती धून आज कित्येक वर्षांनी वाजत होती आणि मला ती ऐकवत नव्हती.

शेवटचा सूर संपला आणि कुंतानं हंबरडा फोडला. "माझ्या पत्रू रे!" मयतीच्या घरात रडतात तसा हेल काढून, त्याचं नाव घेऊन, तो काय खायचा, कुठं निजायचा, सगळं सांगत सांगत. खोलीतल्या बायांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या एकेक करून उठल्या, तिच्याभोवती बसल्या, गळ्यात गळे घालून रडू लागल्या. एकीनं गोकुळाला ओढून मांडीवर घेतलं. आम्ही बाप्ये उठून बाहेर आलो आणि भिंतीशी उकिडवे बसलो. कुणी टोपी काढली, विडी कुणीच पेटवली नाही.

इंदिराबाई मागोमाग ओसरीत आल्या. त्यांना पुढच्या तासाचं काय करायचं ते कळत नसावं. त्यांनी हळूच विचारलं, "घनश्यामराव, हे सगळे असे का बसलेत?"

"मयत झाली, बाई," मी म्हणालो. "आज पत्रू गेला."

थोड्या वेळानं त्याही आत बायांमध्ये जाऊन बसल्या.