सिलेखान्याची खिडकी

सिलेखान्याच्या भिंतीत खिडक्या पाडायचं ठरलं, तेव्हा पेढे मीनानंच वाटले होते. जाफराबाद तालुक्यातल्या त्या कसब्यात ती बायकांना शिवणकाम शिकवायची, तेही घरापुढच्या पत्र्याखाली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसाळ्यात गळायचा आणि मशीन पुसता पुसता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. आता वेशीजवळची अख्खी दगडी इमारत शिलाई केंद्राला मिळणार म्हटल्यावर ती हरखून गेली.

ही किमया कसबा सुशोभीकरण मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांची. गाव पिढ्यान्‌पिढ्या 'सिलेखाना' म्हणत आलं, त्याअर्थी अडाण्यांची जीभ वळत नाही, खरा शब्द 'शिलाईखाना'च, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. निजामाच्या फौजेचे डगले इथंच शिवले जात, असा फलकही रंगवून दाराशेजारी ठोकला. पुरावा विचारणार कोण? उचलली जीभ लावली टाळ्याला! मीनालाही शंका आली नाही. उलट आपल्या धंद्याला एवढा जुना मान आहे म्हणून तीच चारचौघींत मिरवली.

सासऱ्यांना नवी जागा दाखवायला ती घेऊन गेली, त्या सकाळी गवंडी आधीच कामाला लागले होते. सर्जेराव नव्वदीला टेकलेले. निजामाच्या राजात उर्दू शाळेत चार बुकं शिकलेले. दाराच्या कमानीवर दगडात अक्षरं कोरलेली होती, ती त्यांनी डोळे बारीक करून वाचली आणि खोकला येईस्तोवर हसले.

"सिलाहखाना! अगं, सिलाह म्हंजे हत्यार. हितं तलवारी ऱ्हायच्या, बारूद ऱ्हायची. शिलाई कुठली काढली तुम्ही?"

मीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन तिनं पहिल्यांदा ती वास्तू नीट पाहिली. भिंती दोन हात जाड. रस्त्याच्या अंगाला एकही खिडकी नाही, कारण बारुदीच्या घराला खिडकी ठेवायला बांधणारे काही खुळे नव्हते. हवेसाठी वर बारीक झरोके होते, तेही आतून वाकडे नेलेले, म्हणजे बाहेरून कुणी पलिता फेकला तरी ठिणगी आत पोचू नये. भिंतीत ओळीनं दगडी खुंट्या होत्या, हत्यारं टांगायला. आजवर ती त्या खुंट्यांकडे बघून कापडाचे तागे कुठं ठेवायचे याचा हिशेब करत होती. तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात गवंड्यानं पहारीचा घाव घातला आणि वरच्या विटांच्या घुमटातून चुन्याची भुकटी सर्जेरावांच्या टोपीवर पडली. मीनानं वर बघितलं. घुमटाला केसाएवढी चीर गेली होती. कुठं कात्री चालवली की कापड उसवतं, हे शिवणकामावर जिचं पोट भरतं तिला सांगायला लागत नाही. घुमटाचा सगळा भार त्याच भिंतीवर होता.

"थांबवा!" ती ओरडली. गवंडी थांबले आणि कुणीतरी काकासाहेबांना बोलावून आणलं.

"मीनाताई, तुमच्यासाठीच तर करून राह्यलो हे समदं," काकासाहेब म्हणाले. "शिलाईला उजेड लागतो का न्हाई?"

"शिलाईखाना न्हाईच हा, काकासाहेब. मामांनी वाचलं वरचं. हत्यारखाना हाय. अन् भिंत फोडली तर घुमट खाली येईल. माझ्या बायका बसणार हायेत त्याच्याखाली."

"एका अक्षराचा तर फरक हाय. शिलाई काय अन् सिलाह काय! फलक लागलाय, उद्घाटनाचे पाहुणे ठरलेत, छापून आलंय. आता बदललं तर मंडळाची बराबर इज्जत जाईल."

बघा! दोन हात जाडीची भिंत पडली तरी चालेल, पण यांचा चुकलेला फलक पडता कामा नये. मीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नावावर, तिच्या बायकांच्या नावावर हा माणूस ही भिंत फोडणार होता आणि वर उपकारही तिच्याच डोक्यावर ठेवणार होता.

"मंग केंद्र नको मला."

"सोचून बोला. केंद्र तुमच्या सहीवर मंजूर झालंय. तुम्ही न्हाई म्हणलात तर काम बंद, पण जागाबी गेली. मंग बसा जल्मभर पत्र्याखाली."

मीनाच्या डोळ्यांपुढं पत्रा आला, गळका आणि तापलेला. तिच्याकडं शिकणारी प्रीती दारात उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. एक 'हो' म्हटलं की संपत होतं. घुमट आज थोडाच पडणार होता? पण कधी आणि कोणाच्या डोक्यावर पडेल, हे काकासाहेब थोडेच सांगणार होते!

"बंद करा काम," ती म्हणाली.

काकासाहेब हसले. "अन् बायकांना शिकवणार कुठं?"

मीनानं मामांच्या टोपीवरची भुकटी झटकली, प्रीतीला घेऊन घर गाठलं आणि बायकांना हाक दिली. दुपारी मंडळाच्या कार्यालयात पंख्याखाली काकासाहेब चहा पीत बसले होते, तेव्हा दार ढकलून बायका आत शिरल्या, एकेका मशीनला दोघी-दोघी. पहिलं मशीन त्यांच्या टेबलाला खेटून ठेवलं गेलं. मीनानं स्टूल ओढलं, सुईत दोरा ओवला आणि मान वर न करताच म्हणाली,

"काकासाहेब, पाय जरा आत घ्या. पायडल फिरंना."