आल्याची चकती

लोला पानिंगच्या, म्हणजे पानिंग आजीच्या, खालच्या हिरडीत दोन स्क्रू बसले ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. "हाडानं स्क्रू घट्ट धरेपर्यंत बारा आठवडे कवळी त्यांच्यावर अडकवायची नाही," डॉक्टरा विलारुएल या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बारा! आणि पबासा तर आठव्याच आठवड्यात. येशूच्या दुःखांची पोथी चॅपेलमध्ये अखंड गायची, सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही, आणि त्यातला येशूच्या आईचा विलाप पानिंगनेच गायचा, हे एकतीस वर्षं ठरलेलं. मागच्या वर्षी ऐन विलापात तिची खालची कवळी टुणकन उडून पोथीवर पडली. शेजारच्या बेनिंगने सूर न तोडता पुढचं कडवं उचललं, पण बाकांवरची माणसं तोंड लपवून हसली. ते हसू पानिंगच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून तर हे स्क्रू.

तिने पथ्य अगदी कडक पाळलं. खालची कवळी कपाटात ठेवली. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज, तीही मिळमिळीत. वीट आला होता तिला, पेजेचा आणि वाट बघण्याचाही. सातव्या आठवड्यात ती बेनिंगला घेऊन दवाखान्यात गेली.

"डॉक्टरा, काहींना लगेच अडकवून देतात म्हणे. माझंच घोडं कुठं अडलंय?"

"ज्यांचं हाड टणक, त्यांना चालतं लवकर. तुमचं मऊ आहे, लोला. आ करा बघू."

उजवा स्क्रू घट्ट होता. डावा बोटाखाली हलला.

"कवळी घातलीत ना?"

"देवाशपथ नाही!"

"नाही हो डॉक्टरा," बेनिंग मध्येच बोलली. "सरावालासुद्धा बोळक्या तोंडानंच बसते बिचारी. नुसतं आलं चघळत."

"आलं?"

"गळ्यासाठी. आम्ही सगळ्याच चघळतो, चांगली जाडजूड चकती."

"अहो, पण खाली दात नाहीत, मग चघळता कशावर?"

पानिंगने जीभ वर लावून बघितली. वरची कवळी होतीच तोंडात. रोज संध्याकाळी तिच्याखाली ती टणक चकती आणि चकतीखाली हे दोन स्क्रू. बारा आठवडे ज्यांना जपायचं, त्यांच्यावर ती पहिल्या सरावापासून भार टाकत आली होती.

डावा स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आला. आता खड्डा भरायचा, मग नवा स्क्रू, मग परत बारा आठवडे. पानिंगला वय वर्षं बहात्तर एकदम अंगावर आल्यासारखं झालं. परतताना बेनिंगने एकही टोमणा मारला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

पबासाच्या बुधवारी दुपारी ती बेनिंगच्या शेजारी नुसती बसून राहिली. आल्याची थाळी फिरत आली; बेनिंगने ती गुपचूप पुढे सरकवली. विलाप बेनिंगनेच सुरू केला. तिसऱ्या कडव्याला ती थांबली आणि पोथी पानिंगच्या मांडीवर ठेवली.

"उचल गं. सूर तुटतोय."

"असल्या तोंडानं?"

"गळा काय डॉक्टरानं उपटलाय? उचल!"

पानिंगने सूर उचलला. अर्धे शब्द हवेतच विरले. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं, तरी ती गातच राहिली. या वेळी खालून उडून पोथीवर पडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.